रुमालाखालची हाडं

नापास होऊन मी कळंबला परतले, तेव्हा घरच्यांइतकंच वाईट धान्याच्या मोंढ्यातल्या हमालांना वाटलं. आमच्या भागात डॉक्टर नाहीत म्हणून सरकारनं मराठवाड्यात नवं मेडिकल कॉलेज काढलं होतं. जागा वाढल्या, म्हणूनच माझ्यासारख्या अडत्याच्या पोरीला प्रवेश मिळाला. हमालांनी मात्र पहिल्याच सुट्टीपासून मला डॉक्टर करून टाकलं होतं. कुणी पाठ, कुणी गुडघा माझ्यासाठी राखून ठेवला होता. "डाक्टरीणबाई, आता किती ऱ्हायलं?" असं ते लांबूनच विचारत.

राहिलं होतं सगळंच. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत मनगटाची आठ हाडं पुढ्यात आली आणि मला ती आठही सारखीच दिसली. खडे नुसते! घाबरून मी तीन वेगवेगळ्या हाडांना एकच नाव दिलं. आता सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. चुलत्यांनी लातूरचं एक स्थळ आणून ठेवलं होतं आणि वडिलांनीही मान डोलावली होती, की या खेपेला नापास झाले तर शिक्षण बंद आणि लग्न. चुलत्यांचा राग मला आजही येतो.

एका मैत्रिणीकडून मी ती हाडं बटव्यात घालून आणली होती. आई त्यांना उंबऱ्याच्या आत घेईना, म्हणून वडिलांच्या अडत दुकानात, पोत्यांच्या आडोशाला माझा अभ्यास चाले. एके दुपारी वडील, आमचे दादा, शेजारी येऊन बसले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

"कुठं अडतंय, बाय?"

मी बटवा उपडा केला. त्यांनी आधी हाडांना हात जोडले. "कुना बापड्याचा हात हाय," म्हणाले. मग एक हाड माझ्या मुठीत दिलं आणि खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातांवर टाकला.

मोंढ्यात तेव्हा मालाचा भाव रुमालाखाली ठरे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाआड एकमेकांची बोटं दाबत, आणि भोवतीच्या दहा जणांना सुगावा लागत नसे. वडिलांची सारी हुशारी बोटांत होती.

"डोळं फसवत्यात. बोटाला इचार, ह्ये काय हाय?"

"दादा, असं कुणी शिकत नसतं."

"मग नापास व्हत असत्यात."

मी चाचपू लागले. नावं त्यांनीच ठेवली. वाटोळं हाड म्हणजे हरभरा, बाक असलेलं म्हणजे आकडा, खोलगट म्हणजे द्रोण. पुस्तकातली नावं मी मागून जोडली. महिन्याभरात तेही सगळी ओळखू लागले. डावं-उजवं तर माझ्याआधी सांगत, आणि मला खरंच हेवा वाटे.

परीक्षेत सरांनी एक हाड माझ्या तळहातावर ठेवलं. मी डोळे मिटले; बोटांना आकडा लागला. मुलीला भोवळ आली असं वाटून ते शिपायावर ओरडले, "पाणी आणा, पाणी!" शिपाई धावला. मी डोळे न उघडताच म्हणाले, "उजव्या हाताचं हॅमेट, सर." मग सर एकेक हाड ठेवत गेले, आणि पाणी आलं तोवर माझी आठही सांगून झाली होती. ते पाणी सरच प्यायले.

पास झाले. घरी आले त्या दिवशी हमालांनी मला पोत्यांच्या थप्पीवर बसवून पेढे वाटले, आणि लगोलग तीन पाठी दाखवल्या.

गर्दी पांगल्यावर वडिलांनी पोस्टकार्ड माझ्यापुढं ठेवलं. लातूरच्या पाहुण्यांना पत्र घालायचं होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. नमस्कार झाला, खुशाली झाली.

"लिव्ह. पोरगी द्याया जमत न्हाय. ती गावाला लागतीया."

माझ्या डोळ्यांतलं पाणी नेमकं त्याच ओळीवर पडलं. शाई पसरली, आणि वडिलांना दुसरं कार्ड आणावं लागलं.