हुकमाला कोण उत्तर देतं?

नंदाखालच्या बाई शिकवणीला आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काहीच विचारत नसत. त्या त्याच्या आईबापांना पाटावर बसवून त्यांचीच उलटतपासणी घेत. त्यांच्या घरी चांगला सोफा होता, पण तो मुलांसाठी. बँकेतले साहेब, दवाखाना थाटलेले डॉक्टर, सगळे पाय दुमडून खाली. मीही बसलो आहे आणि माझ्या पँटची शिवण तिथेच उसवली आहे.

बाई जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. नंदाखालला त्यांची केळी-नारळाची वाडी होती. मुलाने एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला म्हणून, जरा कुरकुरतच, त्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या. आम्ही लालबागच्या चाळीतून आलेलो. लिफ्ट, इंटरकॉम, मुलांना खेळायला बाग, सगळंच अप्रूप. पण खरी ऐट होती ती शाळेची. बागेतल्या बाकावर शेजारी बसलेला माणूस आधी मुलगा कुठल्या शाळेत ते विचारी आणि उत्तर ऐकून तुमच्याशी किती बोलायचं ते ठरवी.

आमचा ओंकार भागातल्या सर्वांत नावाजलेल्या इंग्रजी शाळेत होता, त्यामुळे माझ्याशी सगळे भरपूर बोलत. बोलत नव्हता तो ओंकारच. सीनियर केजीचं वर्ष संपत आलं तरी वर्गात त्याने तोंड उघडलं नव्हतं. शेवटी शाळेतून चिठ्ठी आली. मार्चमध्ये प्रिन्सिपॉल स्वतः त्याला भेटणार होत्या. तेव्हाही तो बोलला नाही तर त्याला पहिलीत घेणार नव्हते, दुसरी शाळा बघायला सांगणार होते. मीना, माझी बायको, दोन दिवस नीट जेवली नाही. मला बागेत जाणं नको झालं, आणि त्या भित्रेपणाची लाज अजून वाटते.

मराठी शाळेच्या बाई यात काय करणार, असं शेजारी म्हणालेच. तरी आम्ही गेलो.

"काल जेवताना घरात काय काय बोललात?" बाईंनी विचारलं.

मीनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ईट फास्ट."

"आणखी?"

"डोन्ट स्पिल."

"आणि तुम्ही दोघं एकमेकांशी?"

मग सगळं सांगावंच लागलं. प्रवेशाच्या वेळी शाळेने घरी इंग्रजीतच बोला असं सांगितलं होतं आणि आम्ही ते इमानेइतबारे पाळत होतो. माझं इंग्रजी ऑफिसच्या पत्रांतलं. 'आपले पत्र मिळाले' छापाचं मला झकास जमे, पण भेंडी आवडत नाही म्हणून रुसलेल्या पोराची समजूत काढायचं जमत नसे. मीनाचंही तेच. म्हणून त्याच्यासमोर आम्ही गप्प राहायचो आणि संसाराचं काय ते स्वयंपाकघरात, दार लोटून, हळू आवाजात मराठीत बोलायचो. तीन वर्षं.

"म्हणजे पोरानं घरात फक्त हुकूम ऐकले," बाई म्हणाल्या. "हुकमाला कोण उत्तर देतं?"

मी लगेच शाळेला दोष द्यायला लागलो. बाईंनी अडवलं. शाळा चांगलीच आहे, तिचं तुम्ही जरा जास्त ऐकलंत, म्हणाल्या. मग औषध सांगितलं. रोज जेवताना दोघांनी एकमेकांशी बोलायचं, मराठीत, पोराच्या देखत. "भांडलात तरी चालेल. फक्त पूर्ण वाक्यात भांडा."

ओंकारला त्यांनी पाटी-पेन्सिल दिली नाही. वाडीतून केळफूल आलं की त्याच्या हाताला तेल लावून त्या त्याला निवडायला बसवत. हात गुंतले की जीभ सैल होते, हे त्यांचं ठाम मत. तीन आठवडे तो मुकाट्याने फुलांतले दांडे काढत होता. एक दिवस मी त्याला न्यायला दारात उभा असताना त्याने विचारलं, "बाई, हा दांडा का काढायचा?" मी पुढे धावणार, तोच बाईंनी डोळ्यांनी दटावलं. "तो शिजत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या आणि पुढचं फूल उचललं. मी जिन्यात जाऊन डोळे पुसले.

मार्चमध्ये प्रिन्सिपॉल सिस्टरनी त्याला इंग्रजीत विचारलं, रविवारी काय केलंस? ओंकार आमच्याकडे बघून मराठीत सुरू झाला. तेल, चीक, जांभळी पानं, दांडे, सगळं. सिस्टरनी त्याला पुरतं बोलू दिलं, वर तुझ्या बाई त्यात वाल घालतात का, असं मराठीतच विचारलं. मग आम्हाला म्हणाल्या, "बोलतो की छान! इंग्रजी आमच्यावर सोडा." शाळेच्या पायरीवर मी मटकन बसलो आणि मीना हसता हसता रडायला लागली. एवढं हलकं मला पुढे कधी वाटलं नाही.

बाई त्याच उन्हाळ्यात नंदाखालला परतल्या. त्या वारल्याचा फोन आला तेव्हा ओंकार दहावीत होता. त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो, पण कोणालाच काही सुचेना. भात चिवडत राहिलो.

"बाबा," ओंकार म्हणाला, "असे गप्प नका बसू. बाईंचं काहीतरी सांगा."

मी सांगायला लागलो, मग मीना, मग तो. हात वाळेपर्यंत आम्ही तिघं बोलत बसलो.