एक टाउमंड

“आणखी एक टाउमंड चालेल,” असं म्हणून आमच्या शेजारच्या बाई कुठलीही जुनी वस्तू परत जागेवर ठेवायच्या. विरलेला स्वेटर, बर्फ ओढायचं वाकलेलं फावडं, कान तुटलेला कप.

इथे परदेशात, शॉमबर्गमध्ये, आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच. बाई शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. टाउमंड म्हणजे बारा महिने. त्यांच्या स्कॉटिश आजीच्या बोलीतला शब्द. आता तिकडेही फारसं कुणी वापरत नाही, हे त्या जरा अभिमानानंच सांगायच्या. एकदा मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. गुडघा कधीपासून दुखतोय, असं नर्सनं विचारलं. “दोन टाउमंड.” नर्स बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधत राहिली. हसू फुटू नये म्हणून बाई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

तुमच्याही शेजारी असं माणूस असेल, तुमच्या सणांवर तुमच्याहून जास्त लक्ष ठेवणारं. दिवाळीत आम्ही आकाशकंदील लावला की त्या बाहेर उभ्या राहून तो सरळ आहे का ते सांगायच्या.

एका वर्षी कंदील लागला नाही. मार्चमध्ये नागपूरला आई वारली होती. माझे व्हिसाचे कागद अडकले होते, जाता आलं नाही. अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. बाईंनी कंदिलाचं विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, की घरातलं माणूस गेलं की आम्ही वर्षभर सण करत नाही.

“एक टाउमंड,” त्या हळूच म्हणाल्या.

डिसेंबरात सगळी गल्ली दिव्यांनी उजळली. त्यांचं घर तेवढं अंधारात. पडल्याबिडल्या की काय, म्हणून मी दार वाजवलं. त्या ठणठणीत होत्या. दिव्यांच्या माळा खोक्यातच होत्या. शेजाऱ्यांनीही वर्ष पाळायचं असतं, असं त्या धरून चालल्या होत्या. मी घाईघाईनं सांगितलं की तसं काही नसतं.

“भिंत एकच आहे ना?” त्या म्हणाल्या. “तुझं टाउमंड भरू दे. पुढच्या दिवाळीत आधी तू लाव, मग मी.”

तोवर मी आईसाठी रडलो नव्हतो. त्यांच्या दारात रडलो. त्यांनी आत नेऊन त्या कान तुटलेल्या कपात चहा दिला.

मार्चमध्ये आईचं वर्ष झालं. सप्टेंबरात बाई हॉस्पिटलमध्ये दोन दिवस राहिल्या आणि गेल्या. भाचा येऊन घर रिकामं करून गेला. त्याच्याकडून मी कप तेवढा मागून घेतला.

दिवाळीला बायकोनं कंदील बाहेर काढला. मी तो लावायला उठलो नाही. तो लावला असता, तरी त्यामागून लागायचे ते दिवे आता लागणार नव्हते.

“शेजाऱ्यांचं वर्ष पाळत नाहीत रे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

कंदील हातात धरून तिनं मधल्या भिंतीकडे पाहिलं. मग तिनंच तो परत खोक्यात ठेवला.

संध्याकाळी मी बाहेर जाऊन पाहिलं. गल्लीत इकडेतिकडे पणत्या होत्या. एका भिंतीची आमची दोन्ही घरं अंधारात होती.