दोन्ही स्पीकर डावीकडेच

मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला, तेव्हापासून. हे वाक्य आज मी सहज लिहिते, पण तेव्हा माझ्या माहेरचे ते कुणाला तोंडातून काढू द्यायचे नाहीत. मुलगी बघायला पाहुणे आले, तेव्हा आईने मला उजवी बाजू भिंतीला टेकवून बसवलं होतं. पाहुणे सगळे डावीकडे. मी प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर नवऱ्याला मीच सांगितलं. तो म्हणाला, "मला कायबी फरक पडत न्हाई. पण मायला कळू देऊ नको." चांगुलपणा होता त्याचा, पण त्या चांगुलपणाचा मला रागच यायचा.

मी वसमतला शाळेत शिकवते. कुरुंद्याहून जाण्यायेण्यासाठी जुनी गाडी घेतली, माझ्या पगारातून. तिच्यात स्पीकर बसवायला आम्ही दोघं वसमतच्या दुकानात गेलो. दुकानदार समोरच्या दोन दारांत दोन स्पीकर टाकायला निघाला.

मी म्हणाले, "उजव्या दारात नको. एक डाव्या दारात बसवा, दुसरा डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, तोंड माझ्याकडे करून."

"असं कुणी बसवत न्हाई, ताई. त्यापरीस मागं मोठा बेस टाकतो. हळद शिजवताना डिक्की उघडी ठेवली की सारं शिवार ऐकतंय."

"शिवाराला ऐकवायचं नाही. मला ऐकायचंय."

नवऱ्याने कोपराने ढोसलं. दुकानात आमच्या ओळखीची माणसं उभी होती, म्हणूनच मी आवाज चढवला. "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. उजवीकडचा स्पीकर काय खिडकीला ऐकवू?"

दुकानदाराने दोन्ही स्पीकर डावीकडे बसवले आणि दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र वाजेल असं जोडून दिलं. घरी येईपर्यंत नवरा "आता मायला कळंल" एवढंच घोकत होता. मी त्याची समजूत काढली नाही.

पुढच्या एकादशीला सासूबाईंना घेऊन नामदेवांच्या दर्शनाला नरसीला निघालो. त्या पुढे, माझ्या डाव्या हाताला बसल्या. अभंग लावला. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि खरं सांगते, फार सुख वाटत होतं.

थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "आगं, हे माझ्याच अंगावर काहून वाजून राहिलं? तुज्याकडं तर कायच न्हाई."

मागून नवरा घाईने म्हणाला, "वायर निसटली असंल, माय."

"वायर ठीक आहे," मी म्हणाले. "माझा उजवा कान बंद आहे, आत्याबाई. लग्नाच्या आधीपासून."

मी गाडीचा वेग कमी केला नाही. काय बोलतील ते बोलू देत, मी आता भिंतीला टेकून बसणार नव्हते.

"म्हंजे मी चुलीपासून हाका मारायचे, तवा तुला ऐकूच यायचं न्हाई?"

"उजवीकडून मारल्या तर नाही."

"आन् मी गावभर सांगत फिरले, सून मुजोर हाय म्हणून."

"ते खोटं नाही," मी म्हणाले आणि अभंगाचा आवाज वाढवला.