सतरा नंबरचा लेथ

मी चौथीपर्यंत शिकलो. कायदा मला कळत नाही असं माझी मुलगी म्हणते. वकीलही तेच म्हणाला, फक्त त्यानं त्याचे पैसे घेतले. पण या देशात माणूस बुडाला की त्याचं काय करतात, ते मी तीनदा डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून लिहितोय. पटत नसेल त्यानं वाचू नये.

आजोबा सांगायचे, पूर्वी पेठेतला व्यापारी बुडाला की गादी उलटी करून भर दिवसा दिवा लावून बसायचा. अख्खी पेठ बघून जायची. लाज हाच कायदा. मग इंग्रजांनी नादारीचा कायदा आणला. ज्या उस्तादांकडे मी टर्नरकाम, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं काम शिकलो, ते स्वातंत्र्यानंतर त्याच कायद्याखाली नादार झाले. कोर्टाचा कारकून आला, वर्कशॉपमधलं सगळं लिहून घेतलं, पण उस्तादांचा मापं घ्यायचा कॅलिपर उचलून त्यांच्याच हातात दिला. म्हणाला, "कारागिराची हत्यारं कोर्ट धरत नाही. ठेवा खिशात."

पुढे सरकारनं ठरवलं की कारखाना बुडत नाही, 'आजारी' पडतो. त्यासाठी दिल्लीत मंडळ. हडपसरला मी ज्या कारखान्यात होतो तो असाच वर्षानुवर्षं आजारी राहिला. मालकाची गाडी ठणठणीत, आजारी आम्ही. तारखा पडत राहिल्या आणि छताचे पत्रे मशीनवर पडत राहिले. मेलेल्याला मेला म्हणायचीसुद्धा त्या कायद्यात सोय नव्हती.

तिथून बाहेर पडलो आणि जुन्या बाजारातून स्वतःचा लेथ घेतला. बायकोच्या पाटल्या गेल्या त्यात. धायरीच्या एका कंपनीचे मालक म्हणाले, "जागा कशाला शोधताय? आमच्या शेडमध्ये टाका. आमचं काम करा, उरल्या वेळात बाहेरचं." लिहून काही नाही. शब्द दिला, शब्द घेतला.

खंडेनवमीच्या आधी तिथे सगळी मशीनं रंगवायची, नंबर टाकायचे, मग पूजा. पहिल्या वर्षी रंगारी माझ्या लेथपाशी थांबला. मालक म्हणाले, "ओळीत एकटाच करडा दिसतोय. रंगवला तर चालेल ना?" म्हटलं, रंगवा की. सणाला कोण नाही म्हणतं? मग दरवर्षी हिरवा रंग आणि वर पांढऱ्या अक्षरात कंपनीचा सतरा नंबर.

ती कंपनी बुडाली ती नव्या दिवाळखोरी कायद्याखाली. आता सगळं झटपट. मुंबईच्या न्यायाधिकरणानं एक तरुण सीए नेमला आणि मालकांना बाजूला बसवलं. ते बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग तो सीए माझ्या लेथपाशी आला.

"हा सतरा नंबर."

"तो माझा आहे."

"आजोबा, नंबर कंपनीचा आहे."

"नंबर कंपनीचा, लेथ माझा. दसऱ्याला रंगवलाय."

"पावती असेल ना?"

"जुन्या बाजारात पावती मागून बघा एकदा. चहा पाजून घालवतात."

"दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही, असं कायद्यातच आहे. पण पुरावा लागतो."

"मग यांना विचारा." मालक समोरच खुर्चीवर बसले होते.

मालक जमिनीकडे बघत म्हणाले, "आता मला बोलायचा अधिकार राहिलेला नाही."

अधिकार! वीस वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाताना अधिकार लागला नाही. खरं बोलायला लागला.

सीए वाईट नव्हता, तेच जास्त झोंबलं. म्हणाला, "किमतीचा दावा लावा. बँकांचं भागून उरलं तर मिळेल काहीतरी."

"उरलं तर! मी काय पंगतीला बसलोय? मी कंपनीला काही उधार दिलं नव्हतं. माझी वस्तू तिथे उभी होती. ती परत द्या."

घरी कर्वेनगरला मुलगी त्या दाव्याचा अर्ज भरून बसली होती. "बाबा, सही करा. हट्टापायी हातचंही जाईल."

"सही केली की लेथ त्यांचा होता, हे मीच लिहून दिल्यासारखं होतं."

"मग काय मिळवणार तुम्ही?"

मी अर्ज तिच्याकडे परत सरकवला. सही केली नाही. आजही करणार नाही.

कंपनी घ्यायला कुणी आलं नाही. शेवटी सामान लिलावात निघालं. ते उचलून न्यायच्या दिवशी मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. हमालांनी लेथच्या लीडस्क्रूलाच साखळी घातली होती. तो लांब आट्यांचा दांडा वाकला की लेथ भंगार. मी ओरडलो, "अरे, तिथे नाही! काढा आधी!"

एक जण वळला. "मशीन तुमचं का, बाबा?"

"हो. माझं."

"मग सांगा, कुठून धरायचं."

सांगितलं. पट्टा बेडखालून घाला, डोकं जड आहे त्या बाजूला दोघं जास्त थांबा, सावकाश. मी सांगत गेलो, ते उचलत गेले. एक ओरखडा पडू दिला नाही, आणि माझा लेथ मी माझ्याच तोंडानं दुसऱ्याच्या ट्रकवर चढवून दिला.