कौसल्याबाईची भीड

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आम्ही बायका पोथीला जमतो. पोथी संपते, प्रसाद संपतो, पण कौसल्याबाईचे किस्से संपत नाहीत. मागचा सांगून होईपर्यंत ती नवा घडवून आणते. देवरीकडच्या आमच्या गावात म्हणतात, देवानं भीड वाटली तेव्हा ही बांधीत धानाची रोवणी करत होती.

*

एकदा देवदर्शनाहून येताना कोहमाऱ्याला एका धाब्यावर जीप थांबली. साऱ्यांनाच उपास. आम्ही चहावर भागवलं. कौसल्याबाई पिशवीतून स्वतःची कढई अन् भिजवलेला साबुदाणा काढून थेट धाब्याच्या भट्टीपाशी. मालक हिंदीत ओरडायला लागला, तर म्हणते, "तुह्या कढईत अंडा शिजते बाबू, म्हणून माही आणली."

खिचडी झाली. वर त्यालाच रागावली, उपासाचं मीठ काऊन ठेवत नाही म्हणून!

*

पाटलांकडच्या बारशाचं तिला बोलावणं नव्हतं. नवरा गेल्यापासून अशा कामांना तिला कोणी बोलवत नाही. ही इस्त्रीचं लुगडं नेसून दारात हजर. पाटलीणबाई गडबडल्या.

"सांगाचं राहून गेलं असंल बाई," कौसल्याबाईच म्हणाली. "मी माफ केलं."

अन् पाळण्याची दोरी धरली. आम्ही वाटभर हसलो. घरी आल्यावर मात्र मला हसू येईना.

*

देवीपुढंही तेच. आम्ही डोळे मिटून हळूच मागतो. ती मोठ्यानं विचारते, "माये, मागच्या सालचं इसरली का आयकलंच नाही?"

*

यंदाचं व्रत मी सुनेसाठी धरलं होतं. दोनदा तिची कूस रिकामी झाली. आता पुन्हा दिवस आहेत. उद्यापनाला सात सवाष्णी हव्यात. धानाची मळणी ऐन भरात, माझी जाऊ धरून सहाच आल्या. सातवा पाट रिकामा, आरती खोळंबलेली. व्रत अपुरं राहतं की काय, म्हणून माझा जीव वरखाली.

कौसल्याबाई फुलं द्यायला आली होती. तिनं पाट पाहिला अन् बसली.

माझी जाऊ म्हणाली, "कौसल्ये, पोटुशी पोरगी हाय घरात. ऊठ."

"माहा धनी मी नाही धाडला, इनंच नेला." कौसल्याबाईनं देवीकडं बोट केलं. "इले चालत नसंल तर हे सांगंल. तू कायले सांगून राहिली?"

कुंकवाचा करंडा माझ्याच हातात होता. हात काही पुढं जाईना.

सून भिंतीला धरून उठली. माझ्या हातातून करंडा घेतला, कौसल्याबाईपुढं बसली अन् म्हणाली, "मावशी, पदर जरासा मागं घ्या जी."