पठारावरचे नऊ दिवस

जगभरात जमिनीवरच्या वाऱ्यापासून किती वीज निघू शकेल, याचा अंदाज काढायचं काम आमच्या खोलीत चाललं होतं. खोली कोल्हापुरातली आणि अंदाज साऱ्या जगाचा! घरचे माझी यावरून थट्टा करायचे. संगणक प्रत्येक डोंगरावरचा वारा काढून द्यायचा आणि जिथे खरोखर मोजलेला वारा मिळेल, तिथे आम्ही तो ताडून बघायचो.

त्या दुपारी सरांनी मला पडद्याजवळ बोलावलं.

"हे बघा, पन्हाळ्यापलीकडचं पठार. जुलैच्या या नऊ दिवसांत संगणक भरमसाट वारा दाखवतोय. मोजलेला मात्र निम्मासुद्धा नाही. म्हणजे अशा पठारांवर संगणक चुकतोय. जगातल्या सगळ्या पठारांचा आकडा खाली आणू."

ते नऊ दिवस माझे होते.

शिकत असताना त्या पठारावरच्या वारा मोजणाऱ्या खांबाची वही माझ्याकडे होती. आकडे साठवणारं यंत्र बिघडलेलं, म्हणून रोज वर जायचं, खांबावरच्या डब्यावर दिसणारा वाऱ्याचा आकडा वहीत उतरवायचा आणि खाली सही करायची. त्या जुलैत पुराने रस्ते बंद झाले. नऊ दिवस मी घरी बसून, चहा पीत, मनचेच आकडे लिहिले. शहरात झाडाचं पान हलत नव्हतं, म्हणून बेतानेच लिहिले. सह्या मात्र झोकात ठोकल्या. कुणाचं काय बिघडतंय, असं तेव्हा वाटलं होतं.

"प्रत्यक्ष मोजलेलं ते खरं," सर म्हणाले. "संध्याकाळी आकडा पाठवून देऊ."

मी व्हरांड्यात आले आणि खांबाच्या राखणदारांना फोन लावला. पायथ्याच्या वाडीतले वयस्कर गृहस्थ. मी तेव्हा वर गेलेच नव्हते, हे माहीत असलेले ते एकटेच. सांगायला लाज वाटते, पण त्यांना काही आठवत नसावं, एवढीच माझी इच्छा होती.

"मामा, त्या पुरात खांबाकडे कुणी गेलं होतं का हो?"

"व्हय की! मी रोज गेलतो की. वारं असलं, हुबं ऱ्हाऊ देत न्हवतं. दोन दिस तर रांगत गेलतो. आकडं नातीच्या वहीत लिवल्यात."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलंच न्हाय."

त्यांना तो आकडा वाचता येत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

आत गेले. सरांना सगळं सांगून टाकलं.

"त्यांची वही आणा," ते म्हणाले. "आणि यापुढे मोजणीच्या कामाला तुम्ही हात लावायचा नाही."

बरोबरच होतं, तरी झोंबलं. आकडा त्या संध्याकाळी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाडीत पोहोचले. मामांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. नऊ दिवसांची नऊ पानं. मोठाल्या अक्षरांत आकडे, संगणकाच्या अगदी जवळ जाणारे. प्रत्येक पानावर खाली थोडी जागा मोकळी सोडलेली.

"नियम हाय न्हवं," मामांनी पेन पुढे केलं. "तुमची सही तेवढी ऱ्हायलीय."

मी पेन त्यांच्याच हातात परत दिलं.

"सही तुम्ही करा, मामा. वर तुम्ही गेला होता."

त्यांनी शर्टाला हात पुसले आणि पहिलं पान समोर घेतलं.