थोरल्यांचा फुगा

थोरल्यांच्या पोटात दुखायला लागलं त्याला तीन वर्षं झाली, आणि ते काही डॉक्टरला दाखवण्यासारखं दुखणं नव्हतं. दुखण्याचं नाव धाकटे. हे दोघे साडू. थोरल्यांची बायको मोठी बहीण, धाकट्यांची बायको तिच्या पाठची. सासूबाई जावयांना थोरले आणि धाकटे म्हणायच्या, तीच नावं कामावर गेली, कारण काम एकाच ठिकाणी होतं, डायव्हिंग सेंटरवर. पाठीला हवेची टाकी बांधून हौशी पाहुण्यांना समुद्राखाली न्यायचं, मासे दाखवायचे आणि जितके खाली नेले तितके मोजून वर आणायचे, हा दोघांचा पोटापाण्याचा धंदा.

थोरले त्यात अठरा वर्षं मुरलेले. धाकट्यांना या धंद्यात आणलं तेही त्यांनीच. लग्न झालं तेव्हा धाकटे कुठल्याशा गोदामात खोकी लावायचे. ‘घरचाच माणूस आहे, हाताशी लागेल’ म्हणून थोरल्यांनी त्यांना पाण्यात उतरवलं, श्वास कसा घ्यायचा इथपासून सगळं शिकवलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं आता त्यांना उठता-बसता वाटायचं. कामावर ते धाकट्यांना अरे-तुरे करत, सासुरवाडीला मात्र अहो-जाहो करावं लागे, आणि त्यातलं प्रत्येक ‘अहो’ त्यांच्या घशात अडकायचं.

सगळ्यात जास्त खुपायचा तो फुगा. आता हा फुगा म्हणजे वाढदिवसाचा नव्हे. पाण्याखालून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. त्याच्या जरा आधी लांबोडकी नारिंगी पिशवी हवा भरून वर सोडतात. तिच्या बुडाशी दोर, आणि दोराचं रीळ आपल्या हातात. लाटांमध्ये तो नारिंगी खांब दिसला की बोट चालवणाऱ्या तांडेलाला कळतं, आपली माणसं याच्या खाली आहेत. पण तो खांब उभा कधी राहतो? पुरेशी हवा भरली आणि खालून दोर ताणून धरला तर. दोर सैल पडला की फुगा आडवा. आणि तांडेलाचा हिशोब साधा होता. उभ्या फुग्याखाली माणूस असतो, आडव्याखाली कोणी नाही, किंवा असलाच तर झोपलाय.

हा तांडेल म्हणजे तोंडाचा फटकळ माणूस. एकदा सगळे ओले सूट वाळत घालत असताना तो सहज म्हणाला, “धाकट्यांचा फुगा मला कुठूनही दिसतो हो. थोरल्यांचा शोधावा लागतो. पडलेला असतो बिचारा.”

सगळे हसले. धाकटे तेवढे हसले नाहीत, आणि तेच थोरल्यांना जास्त झोंबलं. हसला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

खरं सांगायचं तर तांडेल काही खोटं बोलला नव्हता. अठरा वर्षांत थोरल्यांच्या अंगात आळस शिरला होता. चार फुंकरा मारायच्या, अर्धामुर्धा फुगा वर ढकलायचा, दोर सैल सोडून पाहुण्यांकडे बघत बसायचं. शिकवताना मात्र दोर कसा ताणायचा, रीळ अंगापासून लांब कसं धरायचं, अडकलं तर कसं सोडून द्यायचं, सगळं घोकून घ्यायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यातून हे पाषाण रोज दोनदा पाण्यात जाणारे.

अशात सेंटरला दुसरी बोट येणार असल्याची बातमी आली. सेंटरच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी सांगितलं, नव्या बोटीवर एक मुख्य गाइड नेमायचाय, थोरले नाहीतर धाकटे. शनिवारी मी स्वतः बोटीवर येऊन बघणार. त्या दिवशी फुगा थोरल्यांनी सोडायचा, त्याच्या पुढच्या शनिवारी धाकट्यांनी.

त्या रात्री थोरल्यांना झोप नाही. मुख्य गाइड व्हायचं ते आपणच, यात त्यांना शंका नव्हती. शंका होती ती फुग्याची. दोष आपला कसा असेल? दोष पिशवीचा. सकाळी उठून ते डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानदार जुना ओळखीचा. भिंतीवर फुगे ओळीने टांगलेले, आखूड, मध्यम, लांब. थोरल्यांनी विचारलं, “माझ्या साडूने कुठला नेला होता?”

दुकानदाराने मधला दाखवला. सव्वा मीटरचा, सडपातळ, भरलेली हवा परत न सोडणाऱ्या बंद तोंडाचा.

“याच्यापेक्षा मोठा काढ.”

“किती मोठा?”

“आहे त्यातला सगळ्यात मोठा.”

दुकानदाराने स्टूल ओढून वरच्या खुंटीवरचा काढला. दोन मीटर लांब, मांडीएवढा जाड. “हा भर समुद्रात, मोठ्या लाटांत वापरतात,” तो म्हणाला. “तोंडाने भरता भरता दम लागेल. टाकीच्या जादा नळीने भरलात तर भसकन भरेल, पण मग ओढसुद्धा तशीच मारेल. तुमच्या कामाला हा मधलाच बरा. नाकापेक्षा मोती जड कशाला?”

“नाक माझं आहे,” थोरले म्हणाले, आणि त्यांनी त्याच्याबरोबर नवं रीळही घेतलं. त्याला चकचकीत स्टीलची कडी होती.

घरी येऊन त्यांनी बेडरूममध्ये फुगा भरून बघितला. एकवीस फुंकरा लागल्या. कान तांबडे झाले, डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि फुगा कपाटापासून खिडकीपर्यंत पलंगावर ऐसपैस पसरला. बायको कपड्यांच्या घड्या घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

“हे कोण झोपलंय माझ्या जागेवर?”

“नवा फुगा आहे.”

तिने वाकून त्याच्याभोवती एक चक्कर मारली. “ताईचा फोन आला होता,” ती म्हणाली. ताई म्हणजे तिची आई. दोघी बहिणी आईला ताईच म्हणत. “धाकट्यांनी म्हणे तिच्या मोरीचा नळ बदलून दिला. कुणी सांगितलंही नव्हतं.”

“मग मी काय करू? मीपण फोडून बदलून देऊ?”

“मी कुठे काय म्हणाले?” असं म्हणून तिने फुग्याच्या पोटावर घड्या ठेवल्या.

शनिवार उजाडला. वारा बेताचा, पाणी स्वच्छ. बोटीवर तांडेल, मॅडम आणि चार पाहुणे. थोरले पुढे, मध्ये पाहुणे, मागे धाकटे असे सगळे उतरले. चाळीस मिनिटं झकास गेली. एक भलंमोठं कासवसुद्धा दिसलं, आणि ते आपणच बोलावल्यासारखे थोरले पाहुण्यांकडे बघत होते.

मग वर निघायची वेळ आली. नऊ मीटरवर थोरल्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि फुग्याची गुंडाळी सोडली. पुढचं जे त्यांनी केलं ते नवशिक्यानेही केलं नसतं. रिळाची कडी त्यांनी स्वतःच्या जॅकेटला अडकवली.

का? तर दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांचं रीळ हातातून सुटून तळाला गेलं होतं, आणि धाकट्यांनी ते शोधून, पुसून, सगळ्यांदेखत त्यांच्या हातात आणून ठेवलं होतं. “दादा, तुमचं रीळ.” हे तीन शब्द थोरल्यांनी दोन वर्षं पोटात ठेवले होते. पुन्हा ती पाळी नको म्हणून कडी. रीळ कधीही अंगाला बांधू नका, हे शेकडो शिष्यांना सांगणारा माणूस.

जादा नळी फुग्याच्या तोंडाला लावून त्यांनी बटण दाबलं. मॅडमना वर दिसला पाहिजे, तांडेलाला दिसला पाहिजे, म्हणून दाबूनच धरलं. फुगा भसकन फुगला आणि सुटला. रीळ दोनदा गरगरलं, दोराचा वेढा कडीत गुंतला, आणि फुगा थोरल्यांना घेऊन वर निघाला.

पाण्याखालून असं झपाट्याने वर जाणं जिवावर बेततं. अंगात मुरलेली हवा फसफसते, श्वास रोखला तर फुप्फुस फाटतं. थोरल्यांना हे सगळं पाठ होतं. नऊचे सात झाले, सातचे सहा. ते श्वास सोडत कडी चाचपत होते, पण ओढ इतकी होती की कडी उघडेना. जीव वाचतो की नाही हेच त्यांच्या मनात यायला हवं होतं. आलं हे, की आता तो बघतोय.

तो बघत नव्हता. त्याने त्यांचा पाय घोट्याशी धरला होता. आपल्या तरंगायच्या जॅकेटमधली हवा सोडून धाकटे अंगाने जड झाले होते, एका हाताने त्यांनी थोरल्यांना धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातातल्या छोट्या सुरीने दोर कापला. दोन मीटरचा नारिंगी फुगा एकटाच वर निघून गेला.

मग धाकट्यांनी सगळ्यांना पाच मीटरवर गोळा केलं, आपला सडपातळ फुगा काढला, वर बघितलं, रीळ हात लांब करून धरलं, दोन श्वास भरले आणि सोडला. दोर ताठ. अगदी शिकवल्याप्रमाणे. त्या दोराखाली थोरले तीन मिनिटं थांबले. एका पाहुण्याने त्यांना अंगठा आणि बोट जुळवून ‘झकास’ अशी खूण केली. त्याला वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग.

बोटीवर चढले तेव्हा तांडेलाचा चेहरा राखेसारखा झाला होता. मोठा फुगा त्याने आकड्याने ओढून घेतला होता. “एवढं मोठं धूड वर आलं आणि आडवंच पडलं,” तो म्हणाला. “म्हटलं खाली कोणी उरलं नाही. दुसरा उभा राहीपर्यंत मी देव पाण्यात घालून बसलो होतो.”

मॅडमनी दोराचं टोक हातात घेतलं. “हा कापलाय. काय झालं?”

थोरले तोंड उघडणार, इतक्यात धाकटे म्हणाले, “माझी चूक, मॅडम. दादांचा दोर माझ्या अंगावर आला, मी घाबरलो आणि कापला.”

झाकली मूठ तशीच राहणार होती. नवी बोट अजूनही थोरल्यांच्या हातात होती, नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांनी ओल्या केसांच्या धाकट्यांकडे बघितलं आणि त्यांच्या पोटात असा जाळ उठला, जसा तीन वर्षांत उठला नव्हता. तांडेल याचा, सासूबाई याच्या, मोरीचा नळ याचा, माझा पाय याच्या हातात, आणि आता माझी चूकसुद्धा यालाच?

“खोटं बोलतोय तो,” थोरले ओरडलेच. “चूक माझी आहे. कडी मी जॅकेटला अडकवली. फुगा मी नऊ मीटरवर गच्च भरला. याने दोर कापला नसता तर तुम्ही मला आत्ता दवाखान्यात नेत असता. माझी चूक आहे ही, याला देऊ नका.”

धाकटे खाली बघत होते. मॅडमनी दोर गुंडाळून ठेवला. नव्या बोटीसाठी पुढचा शनिवार बघायची गरज उरली नाही.

संध्याकाळी थोरले घरी खुर्चीत बसले होते, घोट्यावर पाच बोटांचे वळ घेऊन. फोन वाजला. बायको बराच वेळ ‘हो का, हो का’ करत होती. मग तिने फोन त्यांच्या पुढे धरला. सासूबाई होत्या.

“अहो थोरले, सगळ्यांसमोर स्वतःची चूक कबूल केलीत म्हणे. असं कोण करतं हो आजकाल. मी इथे सगळ्यांना सांगितलं, माझ्या थोरल्या जावयासारखा माणूस नाही.”

बारा वर्षं थोरल्यांनी या वाक्याची वाट बघितली होती. खुर्चीत सरळ होत त्यांनी विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोण सांगणार? धाकटे आलेत ना इथे. तेच मघापासून तुमचं कौतुक करतायत.”

थोरल्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.